नागपुरातून कार्डिओलॉजिस्ट आणि मेडिकल कॉलेजात शिक्षक व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमबीबीएसच्या प्रवेश परीक्षेचा, म्हणजे नीटचा निकाल जवळ आला की ओळखीचे, ओळखीच्यांच्या ओळखीचे, गावाकडचे काका, सगळे फोन करून हेच विचारतात, आणि ओपीडीच्या गर्दीत नीट उत्तर देता येत नाही. मी नागपुरात कार्डिओलॉजी शिकवतो. म्हटलं एकदा बसून सगळं लिहून काढू. इथले नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, त्यामुळे फॉर्म भरायच्या आधी त्या वर्षाचं माहितीपत्रक पालकांनी आणि मुलाने दोघांनी वाचायचं, फक्त क्लासवाल्यांच्या व्हॉट्सॲपवर राहू नका.

कार्डिओलॉजिस्ट म्हणजे हार्टचं ऑपरेशन करणारा ना?

नाही. छाती उघडून बायपास, व्हॉल्व्ह वगैरे करतो तो कार्डियाक सर्जन, त्याचा रस्ता एमएस सर्जरी आणि मग एमसीएच असा आहे. कार्डिओलॉजिस्ट एमडी मेडिसिन आणि मग त्यावरची डीएम ही डिग्री करतो, तो तपासतो, औषधं देतो, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करतो, आणि कॅथ लॅबमध्ये हाताच्या नाहीतर मांडीच्या शिरेतून नळी घालून अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी, पेसमेकर ही कामं करतो. दोघं रोज एकमेकांशी बोलतात, पण ट्रेनिंग पूर्ण वेगळं.

मग मेडिकल कॉलेजातला कार्डिओलॉजिस्ट वेगळं काय करतो?

पेशंट तर तो बघतोच, आणि धंतोली-रामदासपेठेतल्या कुठल्याही प्रायव्हेट डॉक्टरपेक्षा जास्तच बघतो, पण त्याच्या मागे कायम पाच-सात जण उभे असतात, एमबीबीएसची पोरं, मेडिसिनचे रेसिडेंट, डीएमचे रेसिडेंट, आणि प्रत्येक पेशंट त्यांना समजावत जायचा असतो. सकाळी राउंड, मग ओपीडी नाहीतर कॅथ लॅब, दुपारी लेक्चर किंवा केस प्रेझेंटेशन, मधे थिसिसच्या प्रोटोकॉलवर सही, एथिक्स कमिटीची मीटिंग, परीक्षा असली की एक्झामिनर म्हणून दुसऱ्या कॉलेजला, आणि रात्री दोन वाजता ॲटॅकचा पेशंट आला की पुन्हा हॉस्पिटल. तिसरं काम रिसर्चचं. बहुतेक लोकांना वाटतं रिसर्च म्हणजे लॅबमध्ये उंदीर वगैरे, पण आपल्याकडे बहुतेक रिसर्च वॉर्डातच होतो, समोर आलेल्या पेशंटांची नोंद नीट ठेवायची आणि त्यातून एखाद्या प्रश्नाचं उत्तर काढायचं.

माझ्या मते यातलं शिकवणं सगळ्यात मोठं काम आहे. मी एका दिवसात मोजक्याच अँजिओप्लास्टी करू शकतो, पण मी शिकवलेला एमबीबीएसवाला उद्या एटापल्ली किंवा धारणीसारख्या आडगावात ईसीजी बघून ॲटॅक ओळखेल आणि रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन वेळेत देईल, तर ते जीव मी नागपुरात बसून वाचवूच शकत नाही.

एकूण किती वर्षं लागतात? खरं खरं सांगा.

बारावीनंतर एमबीबीएस साडेचार वर्षं, त्यावर एक वर्ष इंटर्नशिप. एमडी मेडिसिन तीन वर्षं. डीएम कार्डिओलॉजी तीन वर्षं. हे झाले साडेअकरा, पण मधे बाँड, म्हणजे सरकारी सेवेचं बंधन असतं, पीजीची एन्ट्रन्स पहिल्याच झटक्यात बहुतेकांची मनासारखी निघत नाही, डीएमचीही तेच, त्यामुळे अठराव्या वर्षी सुरू केलेलं पोरगं असिस्टंट प्रोफेसर म्हणून रुजू होतं तेव्हा तिशी ओलांडलेली असते, बत्तीस-चौतीस धरून चाला. तोपर्यंत इंजिनिअरिंगवाल्या मित्राचा फ्लॅट झालेला असतो, लग्न झालेलं असतं. हे घरात आधीच बोलून घ्या, खासकरून जिथे पोरगं लवकर कमवायला लागेल म्हणून घर वाट बघून राहिलं आहे तिथे. एक मात्र आहे, इंटर्नशिपपासून पुढे प्रत्येक टप्प्यावर स्टायपेंड मिळतो, म्हणजे पुढची सहा-सात वर्षं घरून पैसे मागायची वेळ येत नाही.

बारावीला कोणते विषय लागतात? माझ्या मुलीने फक्त गणित घेतलं होतं.

फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी, आणि इंग्रजी. ओपनला फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी मिळून ५० टक्के, एससी, एसटी, ओबीसीला ४० टक्के, ओपनमधल्या दिव्यांगांना ४५. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण पाहिजेत. वरची वयाची अट आता नाही आणि नीट किती वेळा द्यायची यालाही मर्यादा नाही.

गणितवाल्यांसाठी: नॅशनल मेडिकल कमिशनने २०२३ मध्ये स्पष्ट केलं की बारावी झाल्यावर बायोलॉजी जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त बोर्डातून पास केला तरी चालतो. म्हणजे दार बंद नाही. पण नीटमध्ये अर्धा पेपर बायोलॉजीचा असतो, त्यामुळे विषय नुसता पास होऊन भागत नाही.

नीटमध्ये नेमकं काय असतं? मराठीतून देता येते का?

१८० प्रश्न, ७२० मार्क, तीन तास. फिजिक्स ४५, केमिस्ट्री ४५, बायोलॉजी ९० प्रश्न. बरोबर उत्तराला ४, चुकीला १ वजा. मधे कोविडनंतर काही वर्षं जादा प्रश्नांतून निवडायची सोय होती ती २०२५ पासून गेली, जुन्या बॅचच्या मुलांचा सल्ला ऐकताना हे लक्षात ठेवा.

हो, मराठीतून देता येते, एकूण १३ भाषांत पेपर असतो. प्रश्न मराठी आणि इंग्रजी दोन्हीत छापलेला असतो, आणि भाषांतरात घोळ वाटला तर इंग्रजी प्रश्नच ग्राह्य धरतात. म्हणून मराठी माध्यमातल्या मुलांना मी सांगतो, विचार मराठीतच करा, बिनधास्त करा, पण बायोलॉजीचे शब्द इंग्रजीतले पाठ ठेवा, कारण एमबीबीएस शेवटी इंग्रजीतच शिकवतात आणि पहिल्या वर्षी ॲनाटॉमीच्या पुस्तकापुढे जी घाबरगुंडी उडते ती यानेच कमी होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली मुलं पहिल्या वर्षी मागे पडल्यासारखी दिसतात आणि तिसऱ्या वर्षी वॉर्डात पुढे जातात, हे मी नेहमी बघतो. पेशंटशी बोलायला त्यांना वेगळं शिकवावं लागत नाही.

किती मार्क आले की मेडिकलला नंबर लागतो?

याचं एक उत्तर नाही. पेपर सोपा आला की कटऑफ वर, कठीण आला की धाडकन खाली, त्यामुळे मार्कांपेक्षा ऑल इंडिया रँक आणि स्टेट मेरिट नंबर बघायचा. मागच्या दोन-तीन वर्षांच्या कॉलेजवार, प्रवर्गवार याद्या राज्याच्या सीईटी सेलच्या साइटवर असतात, त्यातली शेवटच्या राउंडची यादी बघा, पहिल्या राउंडची बघून निराश होऊ नका. आणि क्वालिफाय होणं म्हणजे सीट मिळणं नाही, ओपनला ५० पर्सेंटाइल, राखीवला ४० एवढंच पात्रतेसाठी लागतं, सरकारी सीटसाठी त्याच्या कितीतरी वर जावं लागतं.

ॲडमिशन कोण देतं? विदर्भाचा कोटा आहे का?

सरकारी कॉलेजांच्या १५ टक्के जागा ऑल इंडिया कोट्यात, त्या दिल्लीची एमसीसी, म्हणजे केंद्राची मेडिकल काउन्सेलिंग कमिटी भरते. उरलेल्या ८५ टक्के राज्याचा सीईटी सेल भरतो, त्यासाठी साधारणपणे महाराष्ट्राचा डोमिसाइल आणि दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली लागते. इथेच बालाघाट, छिंदवाडा, राजनांदगाव बॉर्डरवरची मुलं अडकतात, दहावी तिकडे, बारावी नागपुरात. अपवाद आहेत, ते माहितीपत्रकात ओळ न ओळ वाचा. एम्सच्या सगळ्या जागा एमसीसीकडूनच जातात, तिथे राज्याचा कोटा नाही, त्यामुळे दोन्हीकडे वेगवेगळं रजिस्ट्रेशन करावं लागतं.

विदर्भाचा कोटा पूर्वी होता, ७०-३० म्हणायचे, ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना. २०२० मध्ये तो रद्द झाला. आता पूर्ण राज्याची एकच मेरिट, लातूरचं पोरगं नागपूरला येतं आणि आपलं पोरगं नांदेडला जाऊ शकतं. म्हणून प्रेफरन्स भरताना फक्त नागपूर-वर्धा भरून थांबू नका. यादी लांब करा.

कोणती कागदपत्रं आधीच काढून ठेवावी?

याच्यावर जरा थांबतो, कारण मार्क असून सीट गेलेली मुलं मी पाहिली आहेत आणि ते पाहवत नाही.

दहावी-बारावीच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला, आधार, मेडिकल फिटनेस सर्टिफिकेट, नीटचं ॲडमिट कार्ड आणि स्कोअरकार्ड हे तर झालंच. खरी अडचण जातीच्या कागदांची. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वैधता पडताळणी समितीकडून यायला महिने लागतात, वडिलांच्या, आजोबांच्या जुन्या नोंदी मागतात, कोतवाल बुकाची नक्कल, शाळेचा निर्गम उतारा, गावी चकरा. अकरावीला ॲडमिशन झाली की त्याच महिन्यात प्रस्ताव टाकायचा, निकालाची वाट बघायची नाही. ओबीसी, व्हीजेएनटी, एसईबीसी वगैरेंना नॉन-क्रिमिलेयरही लागतं आणि त्याची मुदत ३१ मार्चला संपते, त्यामुळे चालू वर्षाचं आहे का ते बघा. ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र राज्याच्या नमुन्यात आणि केंद्राच्या नमुन्यात वेगळं असतं, एमसीसीला केंद्राचं लागतं. आणि नाव. दहावीच्या मार्कशीटवर, आधारवर आणि जातीच्या दाखल्यावर नावाचं स्पेलिंग एक ठेवा, बापा, एका अक्षरासाठी लोक तहसीलला धावून राहिले असतात.

नागपूर आणि आसपास कोणती कॉलेजं आहेत, आणि कार्डिओलॉजीसाठी कोणतं चांगलं?

आपण ज्याला नुसतं मेडिकल म्हणतो ते जीएमसी, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेज, १९४७ चं, एमबीबीएसच्या २५० जागा, आणि त्याला जोडून तुकडोजी पुतळ्याजवळ सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल आहे, कार्डिओलॉजी तिथे चालते. स्टेशनजवळचं मेयो, म्हणजे इंदिरा गांधी जीएमसी, १९६८ चं. मिहानमधलं एम्स २०१८ ला सुरू झालं, पहिली बॅच तर मेडिकलच्याच कॅम्पसमध्ये शिकली. हिंगणा रोडला डिगडोहचं एनकेपी साळवे, ते प्रायव्हेट. वर्ध्याकडे सावंगी, आणि सेवाग्रामचं एमजीआयएमएस, डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये गांधी शताब्दीच्या वर्षी काढलेलं, तिथली मुलं आजही खादी घालतात आणि प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते. ज्याला पुढे शिक्षक व्हायचं आहे त्याने सेवाग्रामचा विचार जरूर करावा, तिथलं मेडिसिन आणि कम्युनिटी मेडिसिन दोन्ही मनापासून शिकवतात.

पण एमबीबीएस निवडताना कार्डिओलॉजी बघायची गरजच नाही. जिथे पेशंट भरपूर आणि सिनिअर शिकवणारे ते चांगलं.

ड्रॉप घ्यावा का?

एक घ्यायला हरकत नाही, जर पोराला स्वतःला घ्यायचा असेल तर. दुसरा घेताना मार्क किती वाढले ते बघा आणि मुलाचा चेहरा बघा. झोप नाही, जेवण नाही, बोलणं बंद, असं दिसलं तर क्लासची फी बुडाली तरी चालेल, आधी मुलाला डॉक्टरकडे घेऊन जा. मी हे आवर्जून सांगतो.

फी आणि बाँडचं काय?

एम्सची फी नाममात्र आहे, सरकारी कॉलेजची मध्यमवर्गाला झेपते, प्रायव्हेटची झेपत नाही, एवढं सरळ आहे. प्रायव्हेट कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, अभिमत विद्यापीठांची वेगळी आणि बरीच जास्त. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना शिष्यवृत्ती आणि फी सवलतीच्या योजना आहेत आणि २०२४ पासून त्या उत्पन्न गटातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्ण फीमाफी जाहीर झाली. सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून ॲडमिशन घेतली तरच या गोष्टी मिळतात, मॅनेजमेंटच्या सीटवर नाही.

बाँड म्हणजे सरकारी कॉलेजातून शिकलात की एक वर्ष सरकारी सेवा, एमबीबीएसनंतर, एमडीनंतर आणि डीएमनंतरही. नाही केली तर दंड भरावा लागतो आणि वरच्या डिग्रीला तो खूप वाढत जातो. लोक याला शिक्षा समजतात. मी म्हणतो करा. पीएचसीत एकटं बसून छातीत दुखणारा पेशंट बघितला, सोबत सिनिअर नाही, मशीन नाही, तर ॲम्ब्युलन्स बोलवायची का इंजेक्शन द्यायचं हे स्वतः ठरवावं लागतं, ते कुठलंच कॉलेज शिकवत नाही.

परदेशातून एमबीबीएस करून कार्डिओलॉजिस्ट होता येतं का?

येतं, पण अटी कडक आहेत. किमान ५४ महिन्यांचा कोर्स, तिथेच १२ महिने इंटर्नशिप, शिकवण्याचं माध्यम इंग्रजी, आणि इथे येऊन परदेशी पदवीवाल्यांची एफएमजीई परीक्षा पास, मग पुन्हा इथली इंटर्नशिप. जायच्या आधीही नीट क्वालिफाय पाहिजेच. एजंटला फक्त एक प्रश्न विचारा, तिथे पेशंटला हात लावू देतात का. उत्तर देताना अडखळला की उठून या.

एमबीबीएसला असताना काय केलं म्हणजे पुढे उपयोग होईल?

पहिलं वर्ष फक्त पास व्हा आणि झोपा नीट. विनोद नाही, पहिल्या वर्षाला चारच अटेम्प्ट मिळतात आणि पूर्ण एमबीबीएस नऊ वर्षांत संपवावं लागतं, त्यामुळे सुरुवातीला घसरू नका. फिजिओलॉजीत हृदयाचं चक्र येतं, कोणता व्हॉल्व्ह कधी उघडतो, दाब कधी वाढतो, ते एकदा पक्कं समजून घ्या, घोकू नका, कारण पुढे तेरा-चौदा वर्षं तेच वापरायचं आहे.

वॉर्ड पोस्टिंग सुरू झाली की खरं शिक्षण सुरू होतं आणि नेमकी तेव्हाच मुलं गायब होतात, लायब्ररीत पीजीच्या एन्ट्रन्सचे प्रश्न सोडवत बसतात. परीक्षेचं दडपण मला समजतं. पण मायट्रल स्टेनोसिसचा, म्हणजे अरुंद झालेल्या व्हॉल्व्हचा मर्मर (हृदयाचा जादा आवाज) कानाने ऐकायची संधी मेडिकलच्या वॉर्डात जितकी मिळते तितकी मोठ्या मोठ्या देशांत मिळत नाही, तिकडे हा आजारच जवळपास संपला आहे. दिवसाला एक पेशंट पूर्ण बघा, हिस्ट्री स्वतः घ्या, स्वतः तपासा, संध्याकाळी त्याच्यावर वाचा. आपल्याकडचा पेशंट छातीत दुखतं असं सरळ म्हणत नाही. जीव घाबरून राहिला, छाती भरून आली, गॅस चढला, खांदा उतरला, असं सांगतो, आणि गॅस म्हणून परत पाठवलेला पेशंट दुसऱ्या दिवशी कॅज्युअल्टीत येतो. बायका तर धाप लागते हेही सांगत नाहीत, विहिरीवरून पाणी आणताना थांबावं लागतं का असं विचारावं लागतं.

रोज एक ईसीजी वाचा, रेट, रिदम, ॲक्सिस, त्याच क्रमाने, दरवेळी.

रिसर्चसाठी आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप आहे, एमबीबीएसच्या मुलांसाठी, दोन महिन्यांचा छोटा प्रोजेक्ट, एखाद्या शिक्षकाला गाइड म्हणून पकडा आणि प्रश्न लहान ठेवा. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलमध्ये नाव यावं म्हणून धडपडू नका, सिलेक्शनला बसणारे शिक्षक ती नावं ओळखतात.

एमडी मेडिसिन कशी मिळते?

नीट पीजीने. २०० प्रश्न, ८०० मार्क. सरकारी कॉलेजांच्या निम्म्या जागा ऑल इंडिया, निम्म्या राज्याच्या. एम्स, पीजीआय, जिपमर या केंद्राच्या संस्थांसाठी वेगळी आयएनआय-सीईटी परीक्षा, वर्षातून दोनदा. मेडिसिनला मागणी असते पण रेडिओलॉजी, डर्मावाल्या रँकएवढी टोकाची नाही. डीएम कार्डिओलॉजीला पीडियाट्रिक्स आणि रेस्पिरेटरी मेडिसिनवालेही पात्र आहेत, तरी बहुतेक जण मेडिसिनमधूनच येतात.

रेसिडेन्सीची तीन वर्षं अवघड असतात. पहिल्या वर्षी इमर्जन्सी ड्युटी लागली की दिवस-रात्र कळत नाही, आणि मार्ड या संघटनेचे रेसिडेंट ड्युटीचे तास, होस्टेल आणि सुरक्षेसाठी वारंवार भांडतात ते उगाच नाही. याच काळात थिसिस करावा लागतो. बहुतेक जण ती एक कटकट म्हणून उरकतात. ज्याला शिक्षक व्हायचं आहे त्याने इथेच सॅम्पल साइज का काढतात, कंट्रोल ग्रुप कशाला हवा हे समजून घ्यावं.

आणि डीएम?

त्यासाठी नीट एसएस ही परीक्षा, १५० प्रश्न, ६०० मार्क, जागावाटप एमसीसी देशपातळीवर करते. त्यामुळे नागपूरचा मुलगा चेन्नईला किंवा कोलकात्याला जाऊ शकतो, आणि जावं, वेगळं हॉस्पिटल बघितल्याने नजर बदलते. डीएमच्या तोडीचं नॅशनल बोर्डाचं डीआरएनबी कार्डिओलॉजीही चालतं.

डीएममध्ये हात तयार होतो. लेड ॲप्रन घालून तासन् तास उभं राहायचं, म्हणून पाठ आणि मान सांभाळा, अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा टीएलडी बॅज रोज लावा. मी नव्या रेसिडेंटला वर्नर फोर्समनची गोष्ट सांगतो, जर्मनीतला तरुण डॉक्टर, १९२९ मध्ये स्वतःच्याच हाताच्या शिरेतून कॅथेटर हृदयापर्यंत सरकवला आणि चालत जाऊन एक्स-रे काढला, १९५६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. मग १९७७ ला झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंटझिगने पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी केली, जाग्या असलेल्या पेशंटवर. आज आपण जे रोज करतो ते पन्नासेक वर्षांचंच आहे, म्हणजे पुढची पन्नास वर्षं तुमच्या हातात आहेत.

पण हाताबरोबर थांबायचंही शिकावं लागतं. प्रत्येक ब्लॉकला स्टेंट लागत नाही. कोणाला नको हे जो शिकवतो तो चांगला शिक्षक.

डीएम झालं की लगेच प्रोफेसर होता येतं का?

असिस्टंट प्रोफेसर होता येतं. पुढे असोसिएट आणि प्रोफेसर होण्यासाठी ठराविक वर्षांची सेवा, रिसर्च पेपर, आणि दोन ट्रेनिंग लागतात, एक शिकवायचं कसं याचं आणि एक रिसर्चचं, हे दुसरं आयसीएमआरच्या चेन्नईच्या एपिडेमिऑलॉजी संस्थेकडून ऑनलाइन होतं. राज्याच्या कॉलेजात कायम पदं एमपीएससीतून भरतात आणि तोपर्यंत बरेच जण हंगामी किंवा करारावर असतात, हे मनाला लागतं, पण माहीत असलेलं बरं. एम्सची भरती त्यांची स्वतंत्र. २०२४ मध्ये अमरावती, भंडारा, गडचिरोली, बुलडाणा, वाशीम अशा ठिकाणी नवी सरकारी कॉलेजं जाहीर झाली. इमारती उभ्या राहतील, पण शिकवायला माणसं लागतील, आणि ती विदर्भातूनच तयार व्हायला पाहिजेत असं मला फार वाटतं.

इथे बसून रिसर्च कशावर करणार?

असं विचारतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण एवढे प्रश्न दुसरीकडे नाहीत.

सिकलसेल घ्या. विदर्भात, विशेषतः आदिवासी आणि काही दलित समाजांत, हा आजार खूप आहे, केंद्राने २०२३ मध्ये त्यावर राष्ट्रीय मोहीम सुरू केली. रक्त कायम कमी असल्याने हृदयाला जास्त पंप करावं लागतं, ते मोठं होतं, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढतो. आपल्या मुलांमध्ये हे कोणत्या वयात सुरू होतं, इको कधी करायला पाहिजे, हे आपण नाही शोधायचं तर कोणी शोधायचं?

र्‍हुमॅटिक हार्ट डिसीज. लहानपणी स्ट्रेप्टोकोकसने घसा सुजतो, त्यावर शरीराने उभारलेली लढाई स्वतःच्याच व्हॉल्व्हवर उलटते, आणि वीस-बावीस वर्षांची बाई पहिल्या बाळंतपणात धाप लागून येते. बलूनने व्हॉल्व्ह उघडता येतो, पण त्याआधी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं एक स्वस्त इंजेक्शन वर्षानुवर्षं मिळालं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. ते का मिळत नाही, कुठे तुटतं, हा रिसर्चचाच प्रश्न आहे.

आणि ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, हार्ट फेल्युअरचे पेशंट लघवीच्या गोळ्या घेऊन शेतात, पाणी कमी. त्यांच्या गोळ्यांचा डोस उन्हाळ्यात कसा बदलावा यावर थंड देशांतलं पुस्तक काय सांगणार. ॲटॅक आल्यापासून नागपूरला पोचायला किती तास जातात आणि ते कुठे जातात, यावरही किती तरी काम बाकी आहे. सलीम युसुफ यांच्या २००४ च्या इंटरहार्ट अभ्यासात ५२ देश होते, त्यात दिसलं की धूम्रपान, बीपी, शुगर, चरबी अशा नऊ गोष्टी मिळून जवळपास ९० टक्के ॲटॅकचा धोका सांगतात. युसुफ बंगळुरूत एमबीबीएस झालेले. आपल्याकडे खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण, वेगळा धरून बघायला पाहिजे, चौकाचौकात घोटून राहिले आहेत आणि पस्तिशीतली पोरं कॅथ लॅबच्या टेबलावर येतात.

प्रायव्हेटमध्ये जास्त पैसे असताना सरकारीत का राहायचं?

पैसे प्रायव्हेटमध्ये कितीतरी पटीने जास्त आहेत. सरकारी शिक्षकाला व्यवसायरोध भत्ता मिळतो आणि प्रायव्हेट प्रॅक्टिस करता येत नाही. घरावर कर्ज असेल, आईवडिलांचं आजारपण असेल तर प्रायव्हेटला जाण्यात काहीही कमीपणा नाही, तिथेही उत्तम काम होतं. मी राहिलो कारण मला विद्यार्थ्यांशिवाय करमत नाही, आणि पेशंटला उपचार सांगताना त्याच्या खिशाकडे बघावं लागत नाही, महात्मा फुले योजनेत अँजिओप्लास्टी होते. औषधं संपणं, मशीन बंद पडणं, फायली अडकणं, हे सगळं आहे. त्याचा राग येतो आणि यायलाच पाहिजे.

मुलीला हे झेपेल का, असं घरचे विचारतात.

डॉ. एस. पद्मावती १९१७ मध्ये बर्मात जन्मल्या, युद्धात घर सोडून भारतात आल्या, देशातल्या पहिल्या महिला कार्डिओलॉजिस्ट झाल्या, १९५० च्या दशकात दिल्लीच्या लेडी हार्डिंगमध्ये त्यांनी कार्डिओलॉजीचं काम उभं केलं आणि शंभरी पार करून २०२० मध्ये गेल्या. तेव्हा झेपलं. रेडिएशनची काळजी खरी आहे, गरोदरपणात कॅथ लॅबच्या ड्युटीचं नियोजन वेगळं करावं लागतं, विभागप्रमुखाला आधी सांगा, तो तुमचा हक्क आहे. बाकी घरच्यांना विचारा, मुलाबद्दल हा प्रश्न विचारला असता का.

अमेरिकेत जायचं असेल तर?

तिथे बारावीनंतर थेट मेडिकल नाही, आधी चार वर्षं कॉलेज, मग एमकॅट ही प्रवेश परीक्षा, ज्याचा स्कोअर ४७२ ते ५२८ मधे असतो, मग चार वर्षं मेडिकल स्कूल, आणि निवड करताना निबंध, शिफारसपत्रं, मुलाखत, रिसर्च, पेशंटसेवेचा अनुभव सगळं बघतात. बाहेरच्या देशातल्या मुलांना तिथे सीट मिळणं फार अवघड. आपल्या लोकांचा नेहमीचा रस्ता म्हणजे इथे एमबीबीएस, मग यूएसएमएलई ही तिथल्या लायसन्सची टप्प्याटप्प्याची परीक्षा, मग तीन वर्षं इंटर्नल मेडिसिन आणि तीन वर्षं कार्डिओलॉजी फेलोशिप. स्टेप वन २०२२ पासून फक्त पास-नापास आहे, त्यामुळे स्टेप टूचा स्कोअर जड झाला. तिथल्या युनिव्हर्सिटीत शिक्षकाला रिसर्चसाठी आठवड्यातला वेळ राखून देतात, ही पद्धत आपल्याकडेही आली पाहिजे. जा, शिका, आणि जमलं तर परत या.

नीटमध्ये नाहीच जमलं, पण हार्टमध्येच काम करायचं आहे.

मग टेक्निशियन व्हा. बारावी सायन्सनंतर कार्डिओलॉजी टेक्निशियनचे पॅरामेडिकल कोर्स आहेत, ऑपरेशनच्या वेळी हार्ट-लंग मशीन चालवणाऱ्या परफ्युजनिस्टचा कोर्सही आहे. कॅथ लॅबमध्ये मॉनिटरवर प्रेशर पडलेलं आमच्याआधी टेक्निशियनला दिसतं आणि तो ओरडतो तेव्हा आम्ही हात थांबवतो. नागपुरात चांगल्या टेक्निशियनला काम शोधावं लागत नाही. कोर्स घेताना त्या संस्थेची स्वतःची चालू कॅथ लॅब आहे का, रोज किती केसेस होतात आणि विद्यार्थ्याला आत उभं करतात का, हे जाऊन डोळ्यांनी बघून या, मग फी भरा.